मजकूर ब

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात
घणसोलीच्या वॉर्ड ऑफिसात, मालमत्ता कराच्या टेबलावर
पत्रांचे दोन गठ्ठे आले.
मजकूर अ : 'थकबाकी न भरल्यास जप्तीची कारवाई करण्यात येईल.'
मजकूर ब : 'आपल्या परिसरातल्या दहापैकी आठ घरांनी
कर भरला आहे. आपलं घर उरलेल्या दोनांत आहे.'
कुणाला कुठलं, ते संगणकाने ठरवलेलं.
माझं काम घडी घालणं, डिंक लावणं
आणि निवड न करणं.

संशोधक बाई पुण्याहून आलेल्या, शाल्मली केतकर,
स्वतःच्या बाटलीतलंच पाणी पिणाऱ्या.
म्हणाल्या, माणूस आकडेमोड करून वागत नाही,
शेजारच्या खिडकीत बघून वागतो.
हे सांगताना त्यांना इतका आनंद झालेला
की मी मध्ये बोलले नाही.

नाहीतर आहेराच्या वहीचं सांगितलं असतं.
मांडवाच्या तोंडाशी बसलेय मी अशा वह्या घेऊन.
पहिला मामा पाचशे एक लिहितो
आणि खालचं अख्खं पान
पाचशे एकच्या रांगेत उभं राहतं.
हजार आणलेला पाचशे परत खिशात सरकवतो,
दोनशे आणलेला बायकोकडे बघतो.
म्हणून जाणत्या घरी पहिली ओळ
आपणच लिहून ठेवतात, कुणाच्याही नावावर.
धोरण म्हणतात ते बहुधा हेच.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी आणखी एक सांगितलं :
शंभर मिळाल्याचा आनंद जेवढा,
शंभर गेल्याचं दुःख त्याच्या साधारण दुप्पट.
बाकावर पदाजी भोईर बसले होते, तळवली गावठाणातले,
हातात पत्र. मजकूर अ.
"दुप्पट? कोनी मोजला?"
प्रयोगात मोजलंय, बाई म्हणाल्या,
लोकांना कप दिले, मग त्यांच्याकडून विकत मागितले.
पदाजी हसले. दात दिसले नाहीत.

त्यांचं भातशेत गेलं होतं, वर मिठागराचा वाटा.
बदल्यात साडेबारा टक्के,
त्यावर आता सात मजले, लिफ्ट, खाली केकचं दुकान.
हिशेबाने ते कितीतरी वर आहेत.
पण बोलायला लागले की अजून
उधाणाचं पाणी कुठल्या बांधाने अडायचं
तेच सांगतात.

बाई गाडीकडे गेल्यावर ते टेबलापाशी आले.
'जप्ती' अंगठ्याखाली झाकून पत्र पुढे केलं.
"पैशांचा काय नाय. पैसं हान.
मना त्या दुसरा पत्र दे बाय,
ज्यान शेजारी हान."

यादी बदलता येत नाही, असं मी म्हणायला हवं होतं.
यादी मी बदललीही नाही.
छापताना जास्तीची निघालेली ब होती खणात,
त्यातलं एक काढलं,
नाव-पत्ता हाताने लिहिला,
घडी घातली, डिंक लावला.
पाकीट त्यांनी माझ्यासमोरच फोडलं.
आठ घरं म्हणजे कुठली,
ओठांतल्या ओठांत नावं घेत
सहापर्यंत पोचले.
मग काउंटर तीनवर जाऊन पैसे भरले,
पावती दोनदा दुमडून टोपीत ठेवली.

मे महिन्यात अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा.
ब चांगला चालला. पुढच्या वर्षी
शहरभर ब जाणार.
पान अकरावर तक्ता आहे.
मजकूर अ, कर भरलेली घरं : दोनशे सात.
त्या सातातलं एक घर मला माहीत आहे.

पेन्सिलीने बाजूला दोनशे सहा लिहिलं.
मग खोडलं,
फुंकर मारली,
आणि फाइल वरच्या मजल्यावर पाठवली.